ॲलिस्टर मॅकेंझी
डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी (३० ऑगस्ट, इ.स. १८७० – ६ जानेवारी, इ.स. १९३४) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक व गोल्फ मैदानांचे रचनाकार होते. मैदानावरील मानवनिर्मित अडथळे निसर्गाचाच भाग वाटावेत, या विचाराचे ते आद्य पुरस्कर्ते मानले जातात.

== वैद्यकाकडून रचनेकडे ==
त्यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी झाला. केंब्रिज विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ते दुसऱ्या बोअर युद्धात लष्करी शल्यचिकित्सक म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. संख्येने थोडे असलेले बोअर सैनिक भूरचनेचा आडोसा घेऊन खंदक कसे दिसेनासे करतात, हे त्यांनी तेथे पाहिले. शत्रूला फसवणारी ही युक्ती पुढे त्यांनी खेळाडूंसाठी वापरली. ग्रीनला लागून असल्यासारखा भासणारा वाळूचा बंकर प्रत्यक्षात बराच अलीकडे असतो आणि खेळाडूचा अंतराचा अंदाज चुकतो. पहिल्या महायुद्धात मात्र हीच विद्या उलट दिशेने गेली व त्यांनी सैन्यासाठी छद्मावरणाचे काम केले.

लीड्सजवळील ॲलवुडली (१९०७) हे त्यांचे पहिले मैदान. त्यांच्या आराखड्याबाबत सल्ला देण्यासाठी नामवंत रचनाकार हॅरी कोल्ट यांना पाचारण करण्यात आले, तेव्हा दोघांची मते जुळली. १९१४ मध्ये 'कंट्री लाइफ' या नियतकालिकाची होल-रचना स्पर्धा त्यांनी जिंकली. हळूहळू वैद्यकी मागे पडली.

== विचार व प्रमुख मैदाने ==
'गोल्फ आर्किटेक्चर' (१९२०) या छोटेखानी पुस्तकात त्यांनी आदर्श मैदानाची तेरा तत्त्वे मांडली. हरवलेला चेंडू शोधण्याचा त्रास नसावा, एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत फार चालावे लागू नये, ही त्यांतली काही. सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे की, कच्च्या खेळाडूलाही आपल्या कुवतीनुसार सुरक्षित वाट मिळावी. धाडस करणाऱ्याला मात्र लाभ व्हावा. चुकीच्या फटक्याला शिक्षा हाच अडथळ्यांचा हेतू, ही तेव्हाची रूढ समजूत त्यांना मान्य नव्हती.

१९२६ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाला भेट देऊन रॉयल मेलबर्नच्या पश्चिम मैदानाचा आराखडा केला. तो प्रत्यक्षात ॲलेक्स रसेल व मिक मॉरकॉम यांनी उतरवला. कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट (१९२८) येथील सोळाव्या होलवर चेंडू समुद्रावरून मारावा लागतो. या धाडसी कल्पनेचे श्रेय त्यांनी स्वतःकडे न घेता मॅरियन हॉलिन्स यांना दिले.

== ऑगस्टा नॅशनल ==
१९२९ मध्ये बॉबी जोन्स हे सायप्रस पॉइंटवर व नंतर मॅकेंझींच्याच पॅसाटिएम्पो मैदानाच्या उद्घाटनाला खेळले. जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनल मैदानासाठी त्यांनी मॅकेंझींची निवड केली. तेथे बंकर मुद्दाम कमी ठेवून जमिनीच्या चढउतारांनाच खेळाडूची परीक्षा घेऊ दिली. महामंदीच्या काळात क्लबची आर्थिक स्थिती बिकट असल्याने त्यांचे पूर्ण मानधन त्यांना मिळाले नाही. पॅसाटिएम्पोच्या फेअरवेलगतच्या घरी राहत असताना सांताक्रूझ येथे त्यांचे निधन झाले. गवत उगवून पूर्ण झालेले ऑगस्टा त्यांनी पाहिलेच नाही. आज 'मास्टर्स' म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा तेथे प्रथम भरली, ती त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, मार्च १९३४ मध्ये.

त्यांचे दुसरे पुस्तक 'द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज' हस्तलिखित स्वरूपातच राहिले होते. ते १९९५ मध्ये प्रकाशित झाले. २००५ मध्ये त्यांचा वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.