अंतराळाची टपाल तिकिटे

अंतराळविषयक टपाल तिकिटे जमवण्याचा छंद फोफावला तो स्पुटनिकनंतर. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी हा उपग्रह झेपावला आणि त्याच वर्षी सोव्हिएत टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. अमेरिकेने मात्र कमालीची गुप्तता पाळली. मर्क्युरी मोहिमेची चार सेंटची निळी तिकिटे गुपचूप छापून मोहोरबंद पाकिटांतून टपाल कार्यालयांत पोचवली होती. २० फेब्रुवारी १९६२ रोजी याच मोहिमेतील अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून सुखरूप उतरले, तेव्हाच ती विक्रीला आली. त्या दिवसाचा शिक्का असलेला लिफाफा संग्राहक जपून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी सुमारे चारशे लिफाफे परवानगीविना चंद्रावर नेले. पुढे नासाने त्यांच्यावर कारवाई केली. भारताने १९६९ मध्ये मानवाच्या चंद्रावरील पहिल्या पावलाचे आणि १९७५ मध्ये आर्यभट्ट उपग्रहाचे तिकीट काढले.