स्टुडिओंची खरेदी आणि कन्सोलची स्पर्धा

पालघर : तारापूरला कंपन्यांची खरेदी-विक्री नवी नाही. येथे छोटा पोलाद कारखाना चालविणारी पिरामल स्टील ही कंपनी जिंदाल समूहाने १९८२ मध्ये विकत घेतली. तिचे नाव बदलून जिंदाल आयर्न अँड स्टील कंपनी असे करण्यात आले आणि २००५ मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर ती ‘जेएसडब्ल्यू स्टील’चा भाग झाली. अशा व्यवहारात घेणाऱ्याच्या हाती काय येते, हे सांगणे सोपे असते. जमीन, भट्टी, यंत्रे, परवाने आणि बाजारातील एक जागा असा तो हिशेब असतो.

व्हिडिओ गेम तयार करणारा स्टुडिओ विकला जातो तेव्हा हा हिशेब इतका सरळ राहात नाही. तेथे भट्टी नसते. असतात ती माणसे, त्यांनी घडविलेली पात्रे आणि त्या पात्रांचे कायदेशीर हक्क. हक्क कागदावर बांधून ठेवता येतात, माणसे येत नाहीत. तरीही सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तीन कन्सोल उत्पादकांची स्पर्धा गेली दोन दशकांहून अधिक काळ बऱ्याच अंशी अशा खरेदीवर लढली गेली आहे. या लढाईचे पडसाद पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत पोहोचले असून, या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या पालघर-बोईसरच्या तरुणांचाही त्याच्याशी थेट संबंध आहे.

यंत्रापेक्षा खेळ महत्त्वाचा

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र. सोनीचे ‘प्लेस्टेशन’, मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स’ आणि निन्टेन्डोचे ‘स्विच’ ही त्यांतील प्रमुख नावे. या धंद्यात खरी कमाई यंत्रावर होत नाही. आपल्याला एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीतून नफा होत नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी मे २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयातील एका खटल्यात साक्ष देताना सांगितले होते. कमाई होते ती खेळांवर. दुसऱ्या कंपनीचा खेळ आपल्या यंत्रावर विकला गेला, तरी कन्सोल उत्पादक त्यातून साधारण ३० टक्के वाटा घेतो.

म्हणूनच ग्राहकाने एकदा यंत्र घरी नेले की पुढची अनेक वर्षे तो त्या कंपनीचा गिऱ्हाईक होतो. दोन यंत्रे घेणारे थोडे. मग त्याने आपलेच यंत्र का घ्यावे, या प्रश्नाला सर्वांत परिणामकारक उत्तर म्हणजे दुसरीकडे न मिळणारा खेळ. असा खेळ मिळविण्याचे तीन मार्ग आहेत. आपल्या पदरी नवा स्टुडिओ उभारणे, बाहेरच्या स्टुडिओला पैसे देऊन ठरावीक काळापुरता खेळ आपल्याकडे ठेवणे, किंवा तो स्टुडिओच विकत घेणे. पहिल्याला वेळ लागतो, दुसऱ्याची मुदत संपते. म्हणून तिसरा मार्ग पुन्हा पुन्हा अवलंबिला गेला.

बंगी आणि रेअर : दोन धडे

खरेदीमुळे स्पर्धेचे चित्र कसे पालटते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘बंगी’ हा अमेरिकी स्टुडिओ. त्याचा ‘हेलो’ हा खेळ १९९९ मध्ये ॲपलच्या व्यासपीठावरून स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केला होता. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंगी विकत घेतली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ‘हेलो’ पहिल्या एक्सबॉक्ससोबत बाजारात आला. कन्सोलच्या धंद्यात नवख्या असलेल्या कंपनीला या एका खेळाने उभे राहण्यास जागा दिली.

पण गोष्ट तेथे संपत नाही. २००७ मध्ये बंगी मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली. ‘हेलो’चे हक्क मायक्रोसॉफ्टकडे राहिले, माणसे बाहेर पडली. २०२२ मध्ये हीच बंगी सोनीने ३.६ अब्ज डॉलरला विकत घेतली. एकाच स्टुडिओने दोन प्रतिस्पर्ध्यांच्या दारी काम केले आणि नाव एकाकडे, हात दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली.

ब्रिटनमधील ‘रेअर’चा अनुभवही बोलका आहे. हा स्टुडिओ निन्टेन्डोसाठी गाजलेले खेळ करीत असे व निन्टेन्डोची त्यात ४९ टक्के मालकी होती. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ३७.५ कोटी डॉलरला संपूर्ण घेतला. मात्र ‘डाँकी काँग’सारख्या पात्रांचे हक्क निन्टेन्डोकडेच राहिले आणि २००७ मध्ये रेअरचे संस्थापक बंधूही कंपनी सोडून गेले. रेअरकडून आलेल्या ‘परफेक्ट डार्क’ या नावाचा नवा खेळ काढण्याचे काम मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या स्टुडिओकडे दिले होते. जुलै २०२५ मध्ये तो खेळही रद्द झाला आणि तो स्टुडिओही बंद करण्यात आला.

सोनी सावध, निन्टेन्डो त्याहून सावध

सोनीची रीत बहुधा वेगळी राहिली. आधी वर्षानुवर्षे बरोबर काम करायचे, मग विकत घ्यायचे. ‘इन्सोम्नियाक’ या स्टुडिओने १९९६ पासून प्लेस्टेशनसाठी खेळ केले, तरी तो स्वतंत्र होता आणि २०१४ मध्ये त्याने एक्सबॉक्ससाठीही ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ हा खेळ दिला. २०१८ मध्ये त्याचा ‘स्पायडर-मॅन’ प्लेस्टेशनवर गाजला आणि पुढच्याच वर्षी सोनीने २२.९ कोटी डॉलरला स्टुडिओ आपलासा केला. प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची त्याची वाट त्या दिवशी बंद झाली. अर्थात सोनीचे सगळेच सौदे फळाला आले नाहीत. २०२३ मध्ये घेतलेल्या ‘फायरवॉक’चा ‘काँकॉर्ड’ हा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये आला, दोन आठवड्यांत मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरमध्ये स्टुडिओच बंद झाला.

निन्टेन्डो क्वचितच खरेदी करते. २००७ मध्ये ‘मोनोलिथ सॉफ्ट’, २०२१ मध्ये ‘नेक्स्ट लेव्हल गेम्स’, २०२४ मध्ये ‘शिव्हर’ अशी तिची खरेदी मोजकी आणि बहुतेक जुन्या सहकाऱ्यांपुरती आहे. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन ही नावे आधीपासून तिच्या बाजूला असल्याने प्रतिस्पर्ध्याचा खेळ हिरावून घेण्याची गरज तिला फारशी भासत नाही. स्टुडिओ विकत घेतल्याखेरीज कन्सोल टिकत नाही, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

६८.७ अब्ज डॉलरचा वाद

२०२० नंतर सौद्यांचे आकारमान बदलले. स्टुडिओऐवजी स्टुडिओंचे समूहच विकले जाऊ लागले. मायक्रोसॉफ्टने ‘बेथेस्डा’ची मालक असलेली ‘झेनिमॅक्स’ ७.५ अब्ज डॉलरला घेतली व हा व्यवहार मार्च २०२१ मध्ये पूर्ण झाला. त्यामागचे कारण मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन गेम विभागप्रमुख फिल स्पेन्सर यांच्या जून २०२३ मधील साक्षीतून बाहेर आले. बेथेस्डाचे काही खेळ सोनीने पैसे देऊन काही काळापुरते आपल्याकडे घेतले होते. ‘स्टारफील्ड’ही एक्सबॉक्सला मिळणार नाही, अशी धास्ती होती. म्हणजे ही खरेदी जितकी चढाईची, तितकीच बचावाची होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ आला, तो प्लेस्टेशनला वगळून.

त्याआधी १८ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड’ ६८.७ अब्ज डॉलरला घेण्याचा मनोदय जाहीर केला होता. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा प्लेस्टेशनवर प्रचंड खपणारा खेळ त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणार होता. सोनीने हरकत घेतली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा दाखल केला. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये व्यवहार अडविला. त्याची मुख्य चिंता कन्सोलबद्दल नसून इंटरनेटवरून थेट खेळ पुरविण्याच्या, म्हणजे ‘क्लाउड गेमिंग’च्या नव्या बाजाराबद्दल होती.

अखेर तडजोडी झाल्या. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ दहा वर्षे देत राहण्याचा करार सोनी व निन्टेन्डो या दोघांशी झाला. क्लाउडवरील हक्क १५ वर्षांसाठी फ्रान्सच्या ‘युबिसॉफ्ट’ला देण्यात आले आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला. अमेरिकी आयोगाने आपला दावा मे २०२५ मध्ये सोडून दिला. या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट झाली. खरेदी मोठी असेल, तर घेतलेला खेळ कुलपात ठेवण्याची मुभा नियामक सहजी देत नाहीत.

उलटलेली दिशा

कुलपात ठेवणे कंपनीलाही परवडेनासे झाले. मोठ्या खेळाचा निर्मितीखर्च इतका वाढला आहे की, एकाच यंत्राच्या ग्राहकांवर तो भरून काढणे कठीण जाते. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये २.५ अब्ज डॉलरला ‘माइनक्राफ्ट’ची ‘मोजांग’ घेतली, तेव्हाच हा खेळ प्लेस्टेशनवर चालू ठेवला होता. तो अपवाद पुढे नियम होऊ लागला. २०२४ मध्ये एक्सबॉक्सपुरते असलेले चार खेळ इतर यंत्रांवर देण्याचा निर्णय झाला. ‘इंडियाना जोन्स’ डिसेंबर २०२४ मध्ये एक्सबॉक्सवर, तर एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर ज्या ‘हेलो’साठी बंगी घेतली होती, त्याची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवर देण्याची घोषणा झाली.

या बदलाची किंमत माणसांनी मोजली. ॲक्टिव्हिजनचा व्यवहार पूर्ण झाल्यावर सुमारे तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील १,९०० जागा कमी केल्या. मे २०२४ मध्ये बेथेस्डाबरोबर आलेला जपानचा ‘टँगो गेमवर्क्स’ बंद करण्याचे जाहीर झाले. त्याचा ‘हाय-फाय रश’ हा खेळ वाखाणला गेला होता, तरीही स्टुडिओ वाचला नाही. त्याच ऑगस्टमध्ये कोरियाच्या ‘क्राफ्टन’ने तो चमू आणि खेळ आपल्याकडे घेतले.

पुणे-मुंबईचा अनुभव

महाराष्ट्रातील स्टुडिओंचा मालकी हक्क अनेकदा हस्तांतरित झाला आहे. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘इंडियागेम्स’ ही मोबाइल खेळांची कंपनी २००७ मध्ये ‘यूटीव्ही’कडे आणि पुढे यूटीव्हीसह डिस्नेकडे गेली. कन्सोलशी अधिक जवळचे नाते पुण्याचे आहे. ‘गेमलॉफ्ट’चा पुण्यातील स्टुडिओ २००८ मध्ये युबिसॉफ्टने घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ सुरू केला. ब्रिटनच्या ‘सुमो’चा पुण्यातील स्टुडिओ २००७ पासूनचा. सुमो समूह चीनच्या ‘टेन्सेंट’ने २०२२ च्या जानेवारीत ताब्यात घेतल्यावर पुण्याच्या शाखेचा अंतिम मालकही बदलला.

तारापूरच्या कारखानदाराला या स्टुडिओंची अवस्था लगेच समजेल. दुसऱ्याच्या मालावर प्रक्रिया करून देण्याचे जॉबवर्क येथे अनेक घटक करतात. काम नियमित मिळते, हात तयार होतो, पण बाजारात नाव मालकाचे चालते. युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ नव्याने करण्याची मोठी जबाबदारी मिळाली होती. जाहीर झालेली तारीख पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपविण्यात आले. निर्णय मालकाचा होता, कारण हक्क मालकाचे होते.

याच्या शेजारी पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ ठेवून पाहावा. भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरी स्टुडिओ स्वतंत्र राहिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. सुमारे दोन महिन्यांनी तो इतर यंत्रांवरही उपलब्ध झाला. म्हणजे स्टुडिओ न विकता, मुदतीपुरते प्राधान्य देऊनही कन्सोलच्या स्पर्धेचा लाभ घेता येतो. जोखीम मात्र सगळी आपल्या अंगावर असते.

भारतातील कायदा

भारतात असे व्यवहार स्पर्धा कायदा, २००२ खाली येतात. पूर्वी परवानगीची गरज कंपन्यांची मालमत्ता आणि उलाढाल पाहून ठरत असे. स्टुडिओची मालमत्ता संगणक आणि भाड्याच्या जागेपुरती असल्याने मोठा सौदाही या चाळणीतून निसटू शकत होता. १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून अधिक मूल्याचा सौदा, विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात लक्षणीय व्यवसाय असल्यास, स्पर्धा आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने पाहता, खरेदीमुळे एखाद्या कन्सोलला काही वर्षांची आघाडी मिळते. ती टिकते ती घेतलेली माणसे टिकली तरच. पालघर जिल्ह्यातील तरुणाला या उद्योगात शिरायचे, तर वाट बहुधा मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंकडे जाते. तेथे रुजू होताना पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घेणे हिताचे ठरेल. स्टुडिओचा मालक कोण, खेळाचे हक्क कोणाकडे आणि हातातले काम मूळ निर्मितीचे की जॉबवर्कचे. स्टुडिओ विकला गेला, तर आपल्या कामाचे काय होईल, याचा अंदाज या तीन उत्तरांवरून बराचसा बांधता येतो.