गायतोंडे, वासुदेव सांतू

(२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). अमूर्त शैलीतील श्रेष्ठ भारतीय चित्रकार. जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, वास्तव्य आधी मुंबईत आणि १९७२ पासून दिल्लीत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका (१९४८).

जे. जे.मध्ये त्या काळी जगन्नाथ अहिवासी यांच्या भारतीय शैलीच्या वर्गाचे वजन होते. गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांतील सपाट रंग व ठाशीव रेषा जैन पोथीचित्रे आणि बसोहली लघुचित्रे यांच्याकडून आल्या. पुढे पॉल क्ले यांच्या चित्रांचा संस्कार झाला आणि मनुष्याकृती विरत गेली. १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटात दाखल झाले. मात्र गटाच्या भूमिकेशी ते कितपत एकरूप होते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात १९५७ मध्ये पारितोषिक मिळाले.

झेन विचाराची ओढ त्यांना १९५० च्या दशकापासून होती. रमण महर्षी व जे. कृष्णमूर्ती यांचेही वाचन होते. १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांची चित्रे पाहिल्याने त्यांची शैली बदलली, असे सांगितले जाते. पण रंगाचे एकसंध क्षेत्र आणि त्यावर तरंगणारे आकार त्याआधीच्या चित्रांतही दिसतात.

तैलरंग ते रोलरने व रंगाच्या सुरीने चढवत, खरवडत आणि पुन्हा चढवत. ओल्या रंगावर फाडलेल्या कागदाचे तुकडे दाबून उचलले की खाली आकार उरत. वर्षाला मोजकीच चित्रे पुरी होत.

१९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या रिक्षा-अपघातात त्यांच्या मानेला दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा पुढील काही वर्षे ते लहान कागदांवर शाईने काम करत राहिले. या कामांना बहुतेक लेखनात दुखण्यातील विरंगुळ्याचे स्थान मिळते. ते अन्यायाचे आहे. तैलचित्रात चुकलेला थर काढता येतो. कागदात मुरलेली शाई परत घेता येत नाही. त्यामुळे या पानांवर रंगाची झिलई नाही, उरली आहे ती निव्वळ मांडणी: लिपीसारख्या पण न वाचता येणाऱ्या काळ्या खुणा, त्यांची जाडी, त्यांच्यातील अंतर आणि मोकळा सोडलेला पांढरा कागद. गायतोंडे आकार कुठे ठेवत आणि कुठे थांबत, हे त्यांच्या कोणत्याही तैलचित्रापेक्षा येथे स्पष्ट कळते.

आधुनिक चिनी शाईचित्रांशी ही कामे ताडून पाहण्याजोगी आहेत. तैवानमध्ये ‘फिफ्थ मून’ गट उभारणारे ल्यू ग्वोसोंग यांना त्याच रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती १९६६ मध्ये मिळाली. जाड तंतूंच्या कागदावर शाई चढवून ते वरचे तंतू उपटत. त्या जागी उमटलेल्या पांढऱ्या रेषांतून जुन्या चिनी निसर्गचित्रांतील डोंगर अमूर्त रूपात उभे राहत. देऊन झाल्यावर काढून घेण्याची ही रीत गायतोंडे यांच्या कागद दाबण्याशी जवळीक सांगते. पॅरिसवासी झाओ वू-की हे तैलचित्रकार १९७१ च्या सुमारास, पत्नीच्या आजारपणात, कवी आंरी मिशो यांच्या आग्रहाने शाईकडे परतले. चिनी चित्रकारांपाशी शाईचा शतकांचा वारसा होता. गायतोंडे यांना तो रेषेच्या शिस्तीतून, पोथीचित्रांच्या वाटेने, स्वतः घडवावा लागला.

नव्वदीच्या दशकात ते पुन्हा तैलचित्रांकडे वळले. त्या चित्रांतील विरळ, चिन्हवत आकारांची मुळे शाईच्या पानांत शोधता येतात.

सन्मान : पद्मश्री (१९७१), कालिदास सन्मान.

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. त्यापूर्वी, २०१३ मध्ये, मुंबईतील लिलावात १९७९ च्या एका तैलचित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले होते. मराठीत सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा ‘चिन्ह’ या कलाविषयक प्रकाशनाचा ग्रंथ महत्त्वाचा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत.