ओळखीची रेघ

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

सोनें मोडण्यासाठीं आपण कधीं सराफकट्ट्यावर गेलां असाल, तर एक गोष्ट आपल्या नजरेस आली असेल. सराफ दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घांसतो आणि त्याची पिवळी रेघ उमटते. पण तेवढ्यावर तो भाव सांगत नाहीं. त्या रेघेशेजारीं तो दुसरी एक रेघ ओढतो. ही दुसरी रेघ ज्या सोन्याची, त्याचा कस त्याला आधींपासून ठाऊक असतो. दोन्ही रेघांवर तेजाब फिरवून, त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्यावरच तो तोंड उघडतो. अकबराच्या टांकसाळीचें वर्णन करतांना अबुल फझलनें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें अशाच ज्ञात कसाच्या सोन्याचे तुकडे टोकाला बसविलेल्या पितळी सुयांची हकीकत दिली आहे. ओळखीची रेघ शेजारीं नसेल, तर कसोटी हा नुसता एक काळा दगड आहे.

आज मी जो इतिहास सांगणार आहें, तो या दुसऱ्या रेघेचा आहे. फरक एवढाच कीं येथें पारखावयाचें आहे तें सोनें नसून विष आहे: पाण्यांत, मासळींत, झाडांच्या पानांत आणि हवेंतल्या धुळींत अत्यंत सूक्ष्म अंशानें असणारें शिसें, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. हा अंश किती सूक्ष्म असतो, याची कल्पना यावी म्हणून सांगतों. शंभर शंभर किलोंचीं दहा हजार पोतीं धान्य एका ठिकाणीं ओतलें आणि त्यांत एक ग्रॅम सोमल मिसळला, तर तें प्रमाण अब्जांत एक भाग होईल. पिण्याच्या पाण्यांत असे दहा भाग सोमल असला, तर जागतिक आरोग्य संघटनेनें १९९३ सालीं घालून दिलेली मर्यादा गांठली जाते. रसायनज्ञाला शोधावयाचे असतात ते हे दहा ग्रॅम. आणि तो शोधून जो आंकडा सांगेल, त्यावर एखाद्या गांवची विहीर चालू राहावयाची किंवा बंद व्हावयाची.

या विद्येचा आरंभ मात्र आरोग्याच्या चिंतेंतून झाला नाहीं, तो व्यापाराच्या भांडणांतून झाला. लोखंड विकणाऱ्याचा रसायनज्ञ एक आंकडा सांगे, घेणाऱ्याचा दुसरा. अमेरिकेंतील ओतकाम करणाऱ्या कारखानदारांच्या संघानें ज्ञात घटकांच्या बिडाचे नमुने तयार करून ठेविले होते. ते त्यानें १९०५ सालीं, चारच वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या 'नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स' या सरकारी संस्थेच्या हवालीं केले. बिडामागून पोलाद आलें, चुनखडी आली. या नमुन्यांबरोबर एक दाखला मिळे आणि त्यांत कोणता घटक किती, हें छापलेलें असे.

प्रयोगशाळा आपापसांत किती भिन्न बोलतात, हें उघड्यावर आलें तें १९५१ मध्यें. रोड आयलंडमधील वेस्टर्ली येथील ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियांतील सेंटरव्हिल येथील डायाबेस असे दोन खडक कुटून त्यांची भुकटी निरनिराळ्या नामांकित प्रयोगशाळांना पाठविण्यांत आली होती. परत आलेले आंकडे अमेरिकेच्या भूगर्भ-संशोधन खात्यानें त्या सालीं प्रसिद्ध केले, तेव्हां मोठी खळबळ उडाली. सूक्ष्म घटकांचें सोडाच, सिलिका व ॲल्युमिना यांसारख्या ढोबळ घटकांतहि अपेक्षेहून मोठी तफावत होती. प्रत्येक जण आपल्या तराजूवर निर्धास्त विसंबून होता, आणि शेजाऱ्याच्या तराजूशीं ताडून पाहण्याचें कारण तोंवर कोणालाच पडलें नव्हतें.

खडकाचें झालें; पण सजीव पदार्थांचें काय? या प्रश्नाला पहिलें ठळक उत्तर दिलें तें एका भाजीनें. केल ही कोबीच्या कुळांतली पालेभाजी. हंफ्री बोवेन आणि पीटर कॉज या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९६० सालीं वाँटेज येथें तिचें एक मोठें पीक वाळवून, दळून, एकजीव करून ठेविलें आणि मागेल त्या प्रयोगशाळेला थोडथोडें धाडलें. 'बोवेनची केल' या नांवानें ती भुकटी जगभर फिरली. शास्त्राच्या इतिहासांत भाजीच्या पाल्याला एवढी प्रतिष्ठा क्वचितच लाभली असेल.

अशी भुकटी करणें हें वाटतें तितकें सोपें काम नाहीं. गृहिणींना हें लवकर पटेल. मसाला कितीहि कुटला तरी एखाद्या चिमटींत मिरें अधिक येतें, एखादींत लवंग. येथें तर हजारों बाटल्यांतील प्रत्येक चिमूट सारखीच असली पाहिजे. म्हणून पदार्थ वाळवावयाचा, दळावयाचा, चाळावयाचा, पुनःपुन्हां मिसळावयाचा, बाटल्यांत भरावयाचा. आणि मग अधूनमधून एकेक बाटली उचलून ती इतरांसारखीच आहे कीं नाहीं, हें तपासावयाचें. पुष्कळ पदार्थांवर किडीबुरशीचा उपद्रव होऊं नये म्हणून किरणांचा मारा करतात. त्यानंतर मुख्य काम. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या निदान दोन पद्धतींनीं मोजावयाचें आणि दोन्ही उत्तरें जुळलीं तरच आंकडा दाखल्यावर चढवावयाचा. त्या आंकड्यापुढें अधिक-उणें असें चिन्ह घालून आपली शंका किती, हेंहि लिहावयाचें. मला तरी या सगळ्या खटाटोपांत तें अधिक-उणें चिन्हच सर्वांत प्रामाणिक वाटतें.

याच रीतीनें अमेरिकन ब्यूरोनें १९७१ सालीं फळबागेंतील पानांची भुकटी प्रसिद्ध केली आणि पुढल्या वर्षीं गुरांच्या यकृताची. पानांच्या दाखल्यावर शिशाचा आंकडा होता: ग्रॅममागें ४५ मायक्रोग्रॅम, तीन अधिक किंवा तीन उणे. हा आंकडा लक्षांत ठेवावा. त्याचें काम लगेच पडणार आहे.

क्लेअर पॅटरसन हे कॅलिफोर्नियांतील भूरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें आहे, हें त्यांनीं १९५६ सालीं उल्केंतील शिशावरून ठरविलें. तें करतांना त्यांना एक शत्रु भेटला. प्रयोगशाळेची धूळ, कांचेचीं भांडीं, आम्लें, काम करणाऱ्याचे केस व कपडे, सगळीकडे शिसेंच शिसें! मोटारींच्या पेट्रोलमध्यें १९२३ पासून शिसें घालीत होते, तें हवेंतून सर्वत्र पसरलें होतें. पॅटरसन यांनीं गाळलेल्या हवेची खोली बांधली, आम्लें पुनःपुन्हां ऊर्ध्वपातित केलीं, आणि मग मोजमाप सुरू केलें.

१९८० सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकारी डोरोथी सेटल यांनीं ट्यूना माशाविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. ट्यूना म्हणजे आपल्या कोंकणांतल्या कुप्याच्या कुळांतला मासा. सरकारी मत्स्यखात्याच्या आंकड्यांप्रमाणें ताज्या मांसांत ग्रॅममागें ४०० नॅनोग्रॅम शिसें होतें आणि डब्यांतल्या मांसांत ७००. म्हणजे डब्याच्या शिशाच्या डाखामुळें प्रमाण दुप्पटहि होत नाहीं. मग चिंता कशाची? पॅटरसन यांच्या स्वच्छ खोलींत मात्र ताज्या मांसाचा आंकडा निघाला ०.३, आणि डब्यांतल्याचा १,४००. वाढ चार हजारपटींहून अधिक! पहिल्या आंकड्यांतलें जवळजवळ सगळें शिसें माशाचें नव्हतेंच. तें मोजणाऱ्यांच्या हातचें होतें. लोक वर्षानुवर्षें डबे उघडून खात होते आणि विष दिसत नव्हतें, कारण मोजणाऱ्याच्या चुकीनें तें झांकलें होतें.

येथें आपण विचाराल, ज्ञात नमुना शेजारीं असता तर ही चूक सांपडली नसती काय? तो कोणत्या प्रतीचा, यावर तें अवलंबून आहे. पानांच्या भुकटींत शिसें ग्रॅममागें ४५,००० नॅनोग्रॅम आणि त्यांत ३,००० ची सूट. टेबलावरून चारशें नॅनोग्रॅम आंत शिरले, तर त्या तीन हजारांत ते सहज बुडून जातात. प्रयोगशाळा उत्तीर्ण होते आणि मासा चुकतो. सराफानेंहि बावीसकशी दागिन्याशेजारीं पितळेची रेघ ओढून भागत नाहीं.

असाच प्रकार समुद्राच्या पाण्याचा. १९७५ च्या सुमारास सागरशास्त्रज्ञांनीं स्वच्छतेचे कडक नियम पाळण्यास आरंभ केला आणि पाण्यांतील जस्त, तांबें व शिसें यांचे आंकडे दहापट, शंभरपट, कांहीं बाबतींत हजारपटहि खालीं आले. समुद्र तोच होता. पुढें कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें समुद्राच्या पाण्याचे आणि मुशीसारख्या लहान शार्कच्या मांसाचे व यकृताचे नमुने दाखल्यासह काढले. तेव्हां कोठें पाण्याला पाण्याची आणि मासळीला मासळीची रेघ मिळाली.

तरी या बाटल्यांत कांहीं जादू आहे असें समजूं नये. नदीवर नमुना भरतांनाच बाटली मळकी असेल, तर प्रयोगशाळेंतली रेघ तेथें काय करणार? आणि दिपोटीसाहेब येणार त्या दिवशींच वर्ग झाडून घेणाऱ्या शाळाहि असतात. दाखल्याची बाटली आली कीं हात धुवून बसावयाचें आणि एरवींच्या नमुन्यांना कसाबसा निकाल लावावयाचा, ही खोड पुष्कळ ठिकाणीं आढळते. म्हणूनच शहाणे अधिकारी ती बाटली नांव न सांगतां इतरांत मिसळून देतात.

आपल्या देशांत या प्रश्नानें अतिशय दुःखद रूप घेतलें. पश्चिम बंगालमधील खेड्यांत कूपनलिकांच्या पाण्यांतून सोमलाची बाधा झालेले रोगी १९८३ सालीं कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहा यांनीं ओळखले. सीमेपलीकडे बांगला देशांत तेंच विष १९९३ मध्यें उघड झालें. तेथें पुढें नळकूप तपासून धोक्याच्या कूपास लाल आणि निर्धोक कूपास हिरवा रंग लावण्यांत आला. ज्या मातेनें हिरवा रंग पाहून घागर भरली, तिनें खरें पाहतां कोणा अनोळखी माणसाच्या आंकड्यावर विश्वास ठेविला होता. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा १९५० मध्यें उघडली. ती आज इतर संस्थांच्या साहाय्यानें 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नांवानें दाखल्याचे पदार्थ काढते; त्यांत शिसें, कॅडमियम यांसारख्या धातूंचीं ज्ञात प्रमाणाचीं द्रावणेंहि आहेत.

आतां शेवटची एक बाटली. अमेरिकेंतील सेंट लुई शहराची हवा १९७६ व ७७ सालीं वर्षभराहून अधिक काळ मोठ्या गाळणपिशव्यांतून खेंचून तिची धूळ जमविण्यांत आली, आणि १९७८ मध्यें ब्यूरोनें ती दाखल्यासह विक्रीस काढली. त्या धुळींत शिसें शेंकडा ०.६५५ होतें, शंभर ग्रॅम धुळीला जवळजवळ दोन तृतीयांश ग्रॅम. अमेरिकेंत रस्त्यावरच्या मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल १९९६ मध्यें बंद झालें, आपल्याकडे २००० सालीं, आणि जगाच्या पाठीवर सर्वांत शेवटीं अल्जीरियांत, २०२१ सालीं. ब्यूरोचें नांव १९८८ मध्यें बदललें. पुढें त्याच जुन्या धुळीच्या सांठ्यांतून नव्या बाटल्या भरण्यांत आल्या. आज एखाद्या नगराची हवा तपासणारा रसायनज्ञ आपल्या नमुन्याशेजारीं ती बाटली उघडतो, तेव्हां पन्नास वर्षांपूर्वींचा सेंट लुईचा रस्ता, त्यावरच्या मोटारींच्या शिशासह, चिमूटभर त्याच्या तराजूंत पडतो.