गड्ड्यावरची भाकणूक

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर, संक्रांतीच्या रात्री सोलापूरच्या होम मैदानावरचा होमविधी आटोपला तरी गर्दी पांगत नाही, कारण भाकणूक व्हायची असते. देशमुखांच्या मानाचे, दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणतात. त्याची पूजा करतात आणि त्याच्यापुढे गूळ, गाजर, धान्य, विड्याचे पान असे जिन्नस ठेवतात. वासरू कशाला तोंड लावते, कशाला लावत नाही, बुजते की शांत उभे राहते, मुतते की नाही, हे पाहून मानकरी हिरेहब्बू येत्या वर्षाचे भाकीत सांगतात. मुतले तर पाऊसपाणी बरे, ज्या जिन्नसाला तोंड लावले तो महागणार, बिथरले तर काही अरिष्ट, असा साधारण हिशेब. शहरात ही प्रथा सिद्धरामेश्वरांच्या काळापासूनची, म्हणजे बाराव्या शतकातली मानली जाते. तिचे कूळ मला याहून जुने वाटते. सिद्धरामांच्या परंपरेने ती जन्माला घातली नाही, पण तिला आजचे रूप बहुधा याच परंपरेने दिले. हे रूप विशेष आहे, कारण या भागात देव बोलायचा तर माणसाच्या अंगात येऊन बोलतो आणि इथे मात्र मुके जनावर पुढे केले आहे.

आधी कथा. सोन्नलिगेच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, सिद्धरामांच्या अंगणात एक कुंभारकन्या रोज सडा-रांगोळी घालत असे. तिने त्यांच्याशी लग्नाची इच्छा बोलून दाखवली. ते विरक्त असल्याने त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. लग्न लागले आणि पुढे ती सती गेली. भोगीला संमती कट्ट्यावर होणारा अक्षता सोहळा हे ते लग्न, आणि संक्रांतीचा होम हे तिचे अग्निप्रवेश करणे. सात नंदीध्वज योगदंडाचे प्रतीक म्हणून मिरवतात आणि ते पेलण्याचा मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेला आहे. कथा एवढीच. तिच्यात पावसाचा, पिकाचा किंवा वासराचा पत्ता नाही. भाकणूक होमाच्या पाठोपाठ होते, पण कथेतून निघत नाही. विधी कथेतून जन्मला असता तर त्याचा शेवट कथेच्या शेवटाशी जुळला असता.

होमात जे जाळतात तेही पाहण्यासारखे आहे. कुंभारकन्या म्हणून बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात, मणीमंगळसूत्र आणि जोडवी घालतात आणि ती अग्नीला देतात. बाजरी हे या कोरडवाहू मुलखाचे खरिपाचे धान्य, भोगीच्या जेवणात तिचीच भाकरी. संक्रांतीला सुगडी लागतात आणि ती कुंभाराच्या चाकावरून येतात. म्हणजे हाती आलेले धान्य, कुंभाराची मडकी, अग्नी आणि पुढच्या पावसाची विचारणा, हे सगळे एका शेतकरी सणाचे सामान आहे. फ्रेझरने १८९० साली ‘द गोल्डन बाऊ’मध्ये युरोपभरच्या पेंढ्यांना नवरी-म्हातारीची रूपे देणाऱ्या प्रथा गोळा केल्या. त्या वाचून इथेही धान्यदेवता शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा, कारण एका पेंढीवरून देवता सिद्ध होत नाही. सुगीचा विधी मात्र सिद्ध व्हायला हरकत नाही. सरत्या हंगामाचे उरकून पुढच्याची चाहूल घेणे हे शेतकऱ्याला कोणा संताने शिकवावे लागत नाही.

आता वासरू. याच जिल्ह्यात आणि आसपास दैवी बोलणे माणसाच्या तोंडून ऐकण्याची रीत किती खोल आहे ते पाहा. आराधी, पोतराज, जोगती, देवऋषी यांच्या अंगात येते आणि लोक आपले प्रश्न त्यांच्यापुढे मांडतात. ज्याच्या अंगात येते ते देवाचे ‘झाड’. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरोबाच्या यात्रेत फरांडेबाबा हेडाम खेळत येतात आणि भाकणूक सांगतात. कर्नाटकात मैलारला गोरवय्या अकरा दिवसांचा उपास करतो, भरत पौर्णिमेच्या सुमारास उंच धनुष्यावर चढतो आणि एका वाक्यात कारणिक, म्हणजे भाकीत, उच्चारतो. हा उपास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. देवाला अंगात घ्यायचे तर आधी अंग रिकामे करावे लागते. सोलापुरातले वासरूही उपाशीच असते. म्हणजे इथे झाडाची जागा रिकामी नाही, त्या जागी वासरू उभे आहे. नुसती भूक पाहायची असती तर जनावराला दिवसभर व्रतस्थ ठेवून त्याची पूजा बांधण्याचे कारण नव्हते.

माणसाची ही जागा वासराकडे का गेली असावी, याचे उत्तर मला वचनांच्या विचारात दिसते. सिद्धराम हे कन्नड वीरशैव वचनकारांतले मोठे नाव. ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या मुद्रेची त्यांची हजाराहून अधिक वचने आज मिळतात. तळे खोदणारे, लिंगे स्थापणारे हे कर्मयोगी अल्लमप्रभूंच्या आव्हानानंतर कल्याणला बसवण्णांच्या मेळ्यात गेले, हा प्रसंग पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’त रंगवलेला आहे. या मेळ्याची मरणाविषयीची धारणा अगदी वेगळी होती. शरण, म्हणजे या पंथाचा भक्त, मेला म्हणजे लिंगात ऐक्य पावला. त्याला दहन नाही, बसत्या आसनात समाधी आहे. त्याचे सुतक नाही, श्राद्ध नाही, पिंड नाही. मागे राहून तहानभूक लागणारा, झाडाला लटकणारा, कुणाच्या अंगात शिरून आपले म्हणणे मांडणारा आत्मा या हिशेबात उरतच नाही. घरोघरच्या क्षुद्र देवतांची आणि त्यांना भिऊन राहणाऱ्यांची वचनकारांनी केलेली टिंगल प्रसिद्ध आहे. ज्यांच्या समाधीभोवती ही यात्रा भरते ते लिंगैक्य झालेले, मग दरवर्षी येऊन बोलायचे कोणी? कुंभारकन्येचेही तेच. अशा मरणाने गेलेली बाई एरवी सती म्हणून वा मावलाया-आसरांत मिसळून अंगात येऊ लागते. इथे ती दरवर्षी जाळली जाते आणि दरवर्षी गप्प राहते. (स्त्रीला प्रत्यक्ष देव म्हणणारे वचन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या यात्रेत स्त्री अग्नीत जावी, ही विसंगती कथेने तशीच ठेवली आहे.)

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. वासरू म्हणजे नंदी, शिवाचे वाहन. नंदीबैलवाले दारोदार बैलाची मान डोलवून पाऊस पडेल का ते विचारतात. मग तत्त्वज्ञान कशाला हवे? नंदी असल्याने बकरा किंवा कोंबडा न येता वासरू का आले ते कळते, हे खरेच. पण माणूस का आला नाही, हे त्याने कळत नाही. मैलारही शिवाचेच रूप आहे आणि तिथे माणूसच बोलतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीत रात्रभर ठेवलेल्या धान्यावरून अंदाज बांधतात. मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला दिवाळीच्या अमावस्येला महालिंगरायाच्या शिखरावर बांधल्या जाणाऱ्या मुंडाशावरून पीकपाणी वाचतात. या प्रथा वीरशैवांच्या नाहीत, तरी मुक्या आहेत. तेव्हा मुकेपणा वचनांतून आला असे म्हणता येणार नाही. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच उगमाचे श्रेय वचनांना दिलेले नाही. खुणा वाचण्याची आणि अंगात आणण्याची, अशा दोन्ही रीती या मुलखात आधीपासून होत्या. सिद्धरामांच्या यात्रेने त्यांतली पहिली मधोमध आणली आणि दुसरीचा फक्त उपास ठेवून घेतला. लिंगायत घरांतही अंगात येते, लोक यल्लम्माला जातात, हा तिसरा आक्षेप इथे लागू होत नाही. प्रश्न घरातल्या देव्हाऱ्याचा नसून भर यात्रेत कोणाला बोलू द्यायचे याचा आहे.

या निवडीचा एक परिणाम व्यवहारातही दिसतो. झाडाच्या तोंडून देव बोलतो तेव्हा अधिकार त्या क्षणी त्याचा असतो. तो कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा याला तेवढा वेळ महत्त्व उरत नाही, आणि म्हणून तो गावच्या मोठ्यांना अडचणीचाही ठरू शकतो. वासराचे तसे नाही. त्याने काय केले ते सगळ्यांना दिसते, अर्थ मात्र मानकऱ्याने सांगायचा आणि हा मान वंशपरंपरेचा. वासरू कोणाला शाप देत नाही, कोणाचे पाप चव्हाट्यावर आणत नाही, मैलारच्या कारणिकासारखे राजकारण्यांना झोंबणारे कोडेही घालत नाही. त्याला पाऊस, गूळ आणि गाजर एवढेच विचारतात.