हाताच्या तासांचा हिशेब



बोरगावातल्या बायकांनी क्रोशाचा वर्ग सुरू केला आणि पहिल्या दिवशी बोलायला मला बोलावलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला लोकरीतलं काय कळतं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "सर, तुम्ही इतिहास सांगा, टाके आम्ही शिकवतो." ठीक आहे. पण टाका समजल्याशिवाय त्याचा इतिहास समजत नाही, म्हणून आधी थोडं टाक्याबद्दल बोलतो.

तुम्ही पहिलं दुपटं विणणार आहात. आधी साखळी घालायची. मग मुका खांब: सुई टाक्यात घालून धागा ओढून आणायचा, आणि सुईवर दोन फासे झाले की दोन्हींतून धागा काढून घ्यायचा. एक मुका खांब, एक साखळी, मधलं एक घर सोडायचं, पुन्हा एक मुका खांब. पुढच्या ओळीत खांब यायचा तो मागच्या साखळीखालच्या पोकळीत. एवढंच करत राहिलं की ज्वारीच्या कणसासारखा दाणेदार, तरीही मऊ पोत तयार होतो. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर उघडी असते. इथे बहुतेक वेळा एकच फासा उघडा असतो. चुकलं तर धागा ओढायचा, चुकीपर्यंत उसवायचं आणि पुन्हा विणायचं. लोकर वाया जात नाही.

वेळ मात्र जातो. आणि मला बोलायचं आहे ते या वेळाबद्दल.

क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. ही कला फार जुनी नाही. युरोपात ती घरोघरी पोचली एकोणिसाव्या शतकात. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं आणि भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विकून अनेक कुटुंबं तगली. त्याच शतकात मिशनरी बायकांबरोबर ही सुई आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला आली आणि तिथे मोठा धंदा उभा राहिला. लेस परदेशी जाऊ लागली.

या नरसापूरवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं ते असं: बाया दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या, व्यापार पुरुषांच्या हातात होता, आणि विणणारीला सगळे म्हणत 'घरी बसणारी बाई'. तिचं काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग. एकदा फावला वेळ म्हटलं की मजुरी कितीही कमी दिली तरी चालते. म्हणजे पाहा, नुसत्या एका शब्दाने मजुरी खाली आणली.

आता आपल्या वर्ध्याकडे या. कातणं हेसुद्धा बायकांचं फावल्या वेळचंच काम समजलं जाई. पण इथे त्याचा हिशेब मांडला गेला. नालवाडी इथून किती लांब? त्या नालवाडीत 1930 च्या दशकात विनोबा दिवसभर सूत कातून, कातणारीला मिळते त्या मजुरीत जगता येतं का, हे स्वतःवर करून पाहत होते. त्याच सुमारास, 1935 साली, अखिल भारतीय चरखा संघाने गांधीजींच्या आग्रहावरून तत्त्व स्वीकारलं की कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती कार्यकर्त्यांना होती. गांधीजींचं म्हणणं, स्वस्त खादी कातणारीच्या उपासमारीवर उभी राहता कामा नये. प्रत्यक्ष मजुरी त्यांच्या मनाजोगी वाढली नाही, हेही खरं. पण बाईचा तास हा तास आहे, एवढं तरी मान्य झालं.

क्रोशाच्या वाट्याला असा हिशेब आलाच नाही. आपल्या घरांत तो रेडिओवरचं झाकण, दाराचं तोरण, बाळाची कुंची अशा रूपांत राहिला. मीही त्यात दोषी आहे. माझी पत्नी नातवासाठी 40 दिवस रोज संध्याकाळी विणत होती. शेजारच्या खोलीत मी व्याख्यानाची टिपणं काढत असे. माझ्या बसण्याला घरात 'सरांचं काम' म्हणत आणि तिच्या बसण्याला 'वेळ घालवणं'. त्याच सुमारास एका अर्जात तिच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आला. मी लिहिलं, 'काही नाही'. तिने वाचलं, काही बोलली नाही, आणि पुढची ओळ घालायला घेतली. चाळीस वर्षं श्रमाचं मूल्य शिकवणाऱ्या माणसाचं हे अक्षर.

प्रत्येक दुपट्याची किंमत लावा, असं मी म्हणत नाही. नातवाला दिलेली वस्तू विकत दिलेली नसते. पण किंमत न घेणं वेगळं आणि किंमतच नाही असं समजणं वेगळं. म्हणून एक विनंती. लोकरीच्या गुंड्याबरोबर एक वही ठेवा. आज किती ओळी झाल्या, किती वेळ बसलात, किती उसवलं, ते लिहा. उसवलेला वेळही धरा, शिकण्यात तोही गेलेला असतो. पुढे कुणी दुपटं मागायला आलं आणि भाव पाडून बोललं, तर वही उघडून दाखवा.

एवढं बोलून थांबतो. पहिली साखळी घाला. माझ्यासाठीही एक सुई ठेवली आहे म्हणे. बघू, जमतं का.