सामूहिक हक्क

सामूहिक हक्क म्हणजे व्यक्तीऐवजी गावाला किंवा समाजाला समूह म्हणून मिळणारे हक्क होत. पाश्चात्त्य मूल्ये व्यक्तिप्रधान आणि इतर समाजांची मूल्ये समूहप्रधान, अशी विभागणी अनेकदा केली जाते. ती पूर्णतः खरी नाही. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या (१९४८) १७ व्या कलमात एकट्याने तसेच इतरांसह मालमत्ता धारण करण्याचा हक्क मान्य केला आहे. या जाहीरनाम्यापूर्वीच, १९४५ मध्ये, डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठबिगारी व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा उभारून व्यक्तिस्वातंत्र्याची मागणी केली होती. गोदावरी परुळेकर या लढ्याच्या प्रमुख नेत्या होत्या.

जव्हार-मोखाडा परिसर

शिरपामाळ हे ऐतिहासिक ठिकाण ज्या परिसरात आहे, ते जव्हार व मोखाडा तालुके (जि. पालघर) अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजांची वस्ती आहे. या क्षेत्रालाही लागू असलेला वनहक्क कायदा (२००६) दोन्ही प्रकारचे हक्क मान्य करतो. कसत असलेल्या वनजमिनीचा, कमाल ४ हेक्टरपर्यंतचा, पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावे दिला जातो. ही जमीन वारसांना मिळते, मात्र विकता येत नाही. सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे असते. समूहाच्या नावाखाली स्त्रियांचा आवाज दबू नये, यासाठी वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश सदस्य स्त्रिया असणे बंधनकारक आहे.